धरली गं तुझी माती!

प्रिय मृत्तिकाशास्त्रविशारदे कुंदा,

सादर निवेदन असे की, तुझ्या प्रयाणानंतर मी तुला एकही पत्र लिहिले नाही, त्याचे कारण विस्मृती नसून भय होय. माझी प्रदीर्घ वाक्ये वाचून तू कडेला पेन्सिलीने ‘श्वास घ्या!’ असे लिहायचीस. परंतु आज लेखन अनिवार्य झाले. आज दुपारी आपल्या लेकीच्या नाल्याकाठच्या खांबाची परीक्षा झाली. ही वार्ता तुला प्रथम मीच द्यावी, असा माझा हट्ट आहे. पतीचा काही अधिकार उरला असेल, तर तो एवढाच!

आपला विवाह हा विद्वज्जनांना पडलेला प्रश्न होता, आठवते? मी महाविद्यालयात संस्कृत शिकवणार, तू छावणीजवळच्या प्रयोगशाळेत माती तपासणार. मी शब्दांच्या मुळाशी जाणार, तू इमारतींच्या. तुझे मूळ सापडले नाही तर घर खचते, माझे सापडले नाही तर कोणाचेही काही बिघडत नाही, हे तू पाहुण्यांसमोर किती प्रेमाने सांगायचीस!

आणि तो स्कूटरवरचा प्रवास! मेणाने तोंड बंद केलेली, मातीच्या नमुन्याची नळी तू तान्ह्या बाळासारखी कवेत धरून मागे बसायचीस. क्रांती चौकात एक खड्डा चुकला नाही, की माझ्या पाठीवर गुद्दा. “अहो, हळू! मागं नमुना आहे!” मागे पत्नीही आहे, याची नोंद घेणारा त्या वाहनावर मी एकटाच होतो.

माझ्या दह्याची कथा तर तू साऱ्या नातलगांत पसरवलीस. विरजण लागले की नाही, हे पाहण्यासाठी मी घटकेघटकेला भांडे हलवीत असे. सकाळी पातेल्यात दही नव्हे, एक संदिग्ध द्रवपदार्थ! तेव्हा तू म्हणालीस, “अहो पंडित, दही मोडलं की मोडलं. माझी चिकणमाती तुमच्या दह्यापेक्षा गुणी. मोडली तरी पुन्हा धरते. फक्त तिला तेवढा वेळ हात लावायचा नसतो.”

मी तो विनोद समजलो. आपली रेवा मात्र त्यावर अभियंता झाली.

आता मुख्य विषय. (झाली सुरुवात! घे श्वास.) आपल्या शहरात चार हात खणले की काळा पाषाण लागतो, परंतु रेवाच्या कंपनीला शाळा बांधायला जागा मिळाली ती नाल्याच्या वळणावर, जिथे खोलवर नुसती चिकणमाती. म्हणून पायासाठी काँक्रीटचे खांब घणाने ठोकून जमिनीत उतरवणे आले. काही आठवड्यांपूर्वी रेवा डबा घरी विसरली, म्हणून मी तो घेऊन गेलो, आणि नेमका कलहाच्या मुहूर्तावर पोहोचलो.

पहिला खांब लोण्यात सुरी शिरावी तसा उतरला होता. कंत्राटदार साळुंके कमरेवर हात ठेवून उभे. “मॅडम, ह्यो खांब न्हाय, उदबत्ती हाय! धक्का दिला की हालतीय. वर आजून तुकडा जोडतो, ठोकू खाली.”

“काका, ठोकल्यानंच माती मोडलीय,” रेवा म्हणाली. “खांबाला जागा द्यायला ती बाजूला सरली, म्हणून तर शेजारचं कुंपण वर उचललंय. आतलं पाणी कोंडलंय, त्याला निघायला वाट नाही. ते हळूहळू जाऊ द्या, माती आपोआप खांबाला आवळेल.”

“कवा आवळंल?”

“काही आठवडे लागतील.”

“तवर माझं यंत्र उपाशी बसवू व्हय? मी आपलं रोज सकाळी एक ठोका मारून बघत जातो. धरलं का न्हाय कळंल तरी!”

“अजिबात नाही! रोज ठोकून बघाल, तर ती रोज नव्यानं मोडेल.”

“आन् नाय धरलं तर?”

“तर मी नोकरी सोडते,” आपली कन्या म्हणाली. नोकरीवर कायम व्हायची होती अजून! कुंदा, हा बाणा तुझा. माझ्या कुळात नोकरी सोडण्याची भाषा कोणी निद्रेतही केलेली नाही.

मी डबा हातात घेऊन तसाच उभा राहिलो. तू गेल्यापासून रेवा रडली नव्हती. आणि मी प्रत्यही, चहाच्या पहिल्या घोटाबरोबर, पृच्छा करीत होतो, “बाळ, सावरलीस का? बोल ना आईविषयी.” ती कप विसळून निघून जायची. पातेले हलवण्याची माझी सवय गेलेली नव्हती, हे त्या चिखलात उभे असताना मला उमजले. तू हे मला दह्याऐवजी सरळ शब्दांत सांगून जायला हवे होतेस, एवढी माझी तक्रार आहे! इतकी घाई कसली होती?

त्यानंतर मी मौन धारण केले. होय, मी! शेजाऱ्यांनी प्रकृतीची चौकशी केली.

खांबालाही इतके आठवडे कोणी ठोका मारला नाही, आणि आज त्यावर फळ्या टाकून वाळूची पोती रचली. खांब किती खचतो, हे दाखवणारा काटा लावला. रेवा काट्याकडे बघेना. नाल्याकडे तोंड करून उभी राहिली. पोत्यांची रास वाढत गेली. अखेर साळुंके चष्मा पुसून काट्यावर वाकले आणि ओरडले, “मॅडम! आवो, काटा जागचा हालंना!”

रेवा आली, तिने काटा पाहिला, आणि ती त्या पोत्यांना टेकून बसली. मग रडली गं. खूप रडली. साळुंके गोंधळून मला म्हणाले, “सर, पास झाल्यावर कोण रडतं?” माझ्यापाशी किमान तीन सुभाषिते सिद्ध होती. मी एकही उच्चारले नाही. नुसता शेजारी बसलो.

बऱ्याच वेळाने नाक पुसत तिने विचारले, “बाबा, आईला कळवलंत?”

म्हणून हे पत्र.

आता प्रतिज्ञा. तिला बोलावेसे वाटेल तेव्हा मी घरात असेन, जागा असेन आणि चहा तयार ठेवीन. पण ठोकून पाहणार नाही. मलाही कोणी विचारले, “सावरलात का?”, तर सांगेन, पाणी निघते आहे, घाई करू नका.

आणि हो, काल रात्री विरजण लावले आहे. पातेल्याला अद्याप हात लावलेला नाही.

तुझाच, श्वास न घेता लिहिणारा,
श्रीधर