पाण्यातली हरळी

मेहरूण, जळगाव
१४ मार्च १९९४

प्रिय सुनंदे,
सप्रेम जय भीम.

होस्टेलच्या गच्चीवर आपण दोघी वाळलेल्या चादरींच्या घड्या घालायचो, आठवतं? दोन टोकं तुझ्याकडे, दोन माझ्याकडे. सिस्टर खालून म्हणायच्या, "गर्ल्स, नो टॉकिंग," आणि आपण चादर तोंडापुढे धरून पोटभर बोलून घ्यायचो. आज सकाळी मी एकटीच चादरीची घडी घालत होते. टोकं काही जुळेनात. तेव्हापासून तुला लिहायचं मनात आहे.

इकडे सगळं ठीक. ऊन आत्ताच तापायला लागलंय. तुझी गुडघेदुखी कशी आहे? धुळ्याला पाणी रोज येतं का?

माझ्या खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या पेटीची हकीगत राहिलीच. हे गेल्यावर घर फार गप्प झालं, म्हणून अभिमनने ती मुंबईहून आणून दिली. अजूनही सुट्टीला आला की माझा हा मुलगा समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणतो. जळगावात समुद्र ठेवणारी मी एकटीच असेन. मे महिन्यात दुपारी वीज गेली, की बर्फाच्या पिशव्या पाण्यात सोडून मी शेजारी बसायची. त्या जोडीच्या केशरी माशांनी आणि पोवळ्याने मला या घरात पुन्हा बोलायला लावलं. त्यांचे उपकार विसरणार नाही.

दिवाळीत तू आलीस, तेव्हा खडकाकडे बोट दाखवून विचारलंस, "मंदे, हे तपकिरी काय उगवलंय?" मी म्हटलं, "फुलं आहेत." तू माझ्याकडे पाहिलंस आणि पुढे काही विचारलं नाहीस.

ती फुलं नव्हती. समुद्रातलं तण होतं, दिसायला झाड पण खरं तर जीवच, पोवळ्याला डंख करून मारणारा. शेजारच्या झुंबरबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "अक्का, हाई काय हरळी उगी गई पानीमा? मी उपटी टाकस." जन्मभर कपाशी निंदलेली बाई. बाह्या सारून चिमट्याने एकेक उपटून काढलं, मीही शाबासकी दिली. पण त्याचा कण जरी खडकाला राहिला तरी नवं उगवतं. पंधरवड्यात सगळा खडक भरला. झुंबरबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "ही ते बठ्ठी कडे व्हयनी. मनाच हातनं बी पेरं मी." आपल्याच हाताने सगळीकडे बी पेरल्याची त्यांना खंत लागली.

मग सुट्टीला आलेल्या अभिमनने उपाय विचारून आणला: पानाला लावतो तो चुना पाण्यात कालवायचा, सुईच्या पिचकारीत भरायचा, हवेचा पंप थांबवायचा आणि थेंब थेंब त्या तणाच्या तोंडात सोडायचा. चुना त्याला आतून जाळतो.

ते काम मी केलं. पिचकारी घेऊन, नीट, सावकाश. दुसऱ्या दिवशी पोवळ्याची एक अख्खी फांदी पांढरी पडली. चुना मी तिच्यावरच सोडला होता.

अभिमनने वाकून ती फांदी पाहिली. मग हळूच म्हणाला, "आई, तुला दिसत नाही का गं?"

सुनंदे, नाही दिसत. वर्षभरापासून. डोळ्याच्या पडद्याचा मधलाच भाग झिजलाय. ज्याच्याकडे पाहावं ते पुसलं जातं, कडेचं तेवढं राहतं. मासा पाहायचा तर भिंतीकडे पाहावं लागतं. चष्म्याने किंवा ऑपरेशनने सुधारणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. हे पत्रही मी कागदाकडे न पाहता लिहिते आहे. ओळी चढल्या-उतरल्या असतील, सांभाळून घे.

दिवाळीत तुला कळलं होतं, हे मला माहीत आहे. तू चारचौघांत विचारलं नाहीस, मला आणखी थोडे दिवस दिसत असल्यासारखं राहू दिलंस. ते तुझ्याशिवाय कोणाला सुचलं नसतं.

आता पिचकारी झुंबरबाईंच्या हातात आहे. मी पंप बंद करते, त्या चुना सोडतात आणि प्रत्येक तणाला शिव्या देतात. खडक जवळजवळ साफ झालाय. पोवळ्याच्या उरलेल्या फांद्या पुन्हा फुलतात, असं त्या सांगतात. त्यांना खोटं बोलता येत नाही, म्हणून मी विश्वास ठेवते. वाईट एवढंच वाटतं की फांद्यांचं फुलणं आता मला ऐकावं लागतं. पण पुष्कळ पाहून झालंय गं. पुष्कळांना तेवढंही मिळत नाही.

पुढच्या आठवड्यात अभिमन येतोय, तेव्हा ठरवलेलं करून घेणार आहे. पेटी झुंबरबाईंच्या ओसरीवर जाईल, पिचकारी आणि चुन्याची डबी तिच्यासोबत. माशांची जोडी कोणी मागितली तरी फोडायची नाही, असं त्यांना बजावलंय. पाण्याचे कॅन अभिमनकडेच राहतील, म्हणजे त्याला येत राहावं लागेल. माझं भरतकामाचं सामान तुझ्या लेकीला. पुस्तकं मात्र मी कोणालाच देत नाही. ती तुझ्या नावावर, पण राहतील माझ्या कपाटात. तू येऊन वाचून दाखवायची.

यापुढे पत्र मी सांगेन आणि झुंबरबाई लिहितील, तेव्हा अक्षर पाहून घाबरू नकोस. तुझी उत्तरंही त्याच मोठ्याने वाचतील. म्हणून त्यांच्यासमोर वाचता येईल तेवढंच पत्रात लिही. बाकीचं घेऊन ये.

तुझी,
मंदा