चौदा विनोद, माफी आगाऊ

५ एप्रिल, रविवार. पहाटे, फजरच्या नमाजेनंतर.

निवड झाली. काल पुण्याहून प्रियदर्शनी मॅडमचा फोन आला. ‘चहा टाकलाय’ नावाचा टीव्हीवर नवा विनोदी कार्यक्रम येतोय. विषय, मुसलमान घरांतलं रोजचं आयुष्य. एक विचारणारा, चार बोलणारे, समोर हसायला माणसं. चारांतला एक मी. दुकानात बायकांना बांगड्या भरताना मी बोलतो, त्याचा व्हिडिओ तरन्नुमनं (धाकटी मुलगी, कॉलेजला) टाकला होता. तो मॅडमनी पाहिला. त्यांना धरून चारशे बारा जणांनी पाहिला.

मॅडम म्हणाल्या, टीव्हीवर येईपर्यंत कुठं बोलू नका. म्हणालो, गुपित ठेवणं हा माझा स्वभावच आहे.

शूटिंग १६ ला. संकल्प: रोज एक तास सराव. स्वतःच्या विनोदाला आपण आधी हसायचं नाही. कॅमेऱ्यात माणूस जाड दिसतो म्हणतात, म्हणून चार किलो कमी. आज ८१.

६ एप्रिल, सोमवार

विनोद लिहून काढले. चौदा झाले. शमशादवर (बायको) चार. बनुबाईंवर तीन. शेजारच्या भाऊसोवर तीन. मशिदीत दुसऱ्याच्या चपला घालून जाणाऱ्यांवर तीन. थोरल्या भावावर एक.

हा शेवटचा सगळ्यांत भारी. सहा वर्षांपूर्वी शिराळ्यात बाबालालभाईंच्या (हेच थोरले) मुलीच्या लग्नात मी तो माइकवर सांगितला होता. तेव्हापासून भाई माझ्याशी बोलत नाहीत. विनोदाला एवढी धार असली की सख्खा माणूस दुखावतो. कलावंताला हे सोसावं लागतं.

अडचण एकच. माणसाच्या पाठीमागं त्याची चेष्टा करणं म्हणजे गीबत. गुनाह. हे नमाजेत उभा असताना आठवलं. (नमाजेत विनोद आठवणं हा वेगळा गुनाह.) उपायही तिथंच सुचला. हजला निघालेला माणूस जाण्याआधी घरोघर जाऊन बोलल्याचालल्याची माफी मागतो. मीही तसंच करायचं, फक्त विनोदांसाठी आणि आगाऊ. काय बोलणार ते सांगायचं नाही, ताजेपणा जातो. ही कल्पना आजवर कुणाला सुचली नसावी.

७ एप्रिल, मंगळवार

सुरुवात बनुबाईंपासून. गल्लीत सगळ्यांत वयस्कर त्याच. ईदला शीरखुर्म्याचा पहिला डबा त्यांच्याकडं जातो आणि साखर कमी पडल्याची पहिली तक्रारही त्यांचीच येते.

म्हणालो, आजी, आजवर काही बोललो असेन, पुढं काही बोललो तर पोटात घ्या. जरा बाहेर चाललोय, कुठं ते सांगता येत नाही. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, “तुझ्या बापाचं जायाचं राह्यलं रं लेकरा. तू तरी चाललास. तितं माझं नाव घे.” म्हणालो, तुमचं तीनदा येणार आहे. त्यांना रडूच आलं.

या वयातही टीव्हीचं एवढं वेड. अब्बांनी टीव्हीवर जावं असं त्यांना वाटायचं, हे मला माहीत नव्हतं.

९ एप्रिल, गुरुवार

भाऊसोचं बी-बियाणांचं दुकान माझ्या दुकानाला लागून. माफी मागितली तर तो खुर्चीवरून उठून उभाच राहिला. म्हणाला, “आवं दस्तगीरभाई, तुमी कसली मागताय, मीच मागतो. तुमचा बोर्ड वाऱ्यानं न्हाई पडला. माझा टेम्पो लागला हुता.” त्याला तीन वर्षं झाली. तेव्हा मी वाऱ्यावर एक विनोदही केला होता आणि भाऊसो त्याला खूप हसला होता.

मग म्हणाला, “लय नशीब लागतं गड्या. पांढरी कापडं घेतली का न्हाई?” म्हणालो, निळा शर्ट नेतोय, पांढरं तिथं चालत नाही.

संध्याकाळी त्याच्याच घरी जेवण. पुरणपोळ्या चार. ८२. पण हे प्रवासाआधीचं वजन आहे, ते धरत नाहीत.

१० एप्रिल, शुक्रवार

जुम्याला मौलानांनी प्रवासाला निघालेल्यांसाठी दुआ केली. सगळे माझ्याकडं बघत होते. म्हणजे गुपित फुटलं. तरन्नुमचं काम असणार. नमाजेनंतर अकरा जणांनी मिठी मारली, त्यांत चपलावाले तिघंही होते. एकानं मुलीच्या लग्नासाठी आणि एकानं गुडघ्यासाठी दुआ मागायला सांगितलं. कार्यक्रमात गुडघ्याचा विषय कसा आणायचा ते बघतो.

तीन दावती. नाही म्हणणं बरं दिसत नाही. ८३.

सराव अजून सुरू केलेला नाही. जास्त सरावानं सहजपणा जातो.

शमशाद तीन दिवस धड बोलत नाही. नवऱ्याचं मोठेपण पचायला वेळ लागतो.

१२ एप्रिल, रविवार. शिराळ्याहून परत.

भाईंच्या दारात उभा राहिलो. वाक्य पाठ केलं होतं, ते आलं नाही. नुसतं माफ करा म्हणालो. भाईंनी नखशिखांत पाहिलं. मग म्हणाले, “आत ये. चपला आत घे, कुत्रं न्हेतंय.” सहा वर्षांनी एवढंच. भाभीनं मटण केलं. भाईंनी आपल्या ताटातली नळी माझ्या ताटात टाकली, लहानपणी टाकायचे तशी.

निघताना स्टँडपर्यंत आले. म्हणाले, कुठं जायचं तिथं जा, पण पोचल्यावर अब्बा-अम्मीची आठवण काढ.

बसमध्ये मला जरा शंका आली. विनोदी कार्यक्रमात अब्बा-अम्मीची आठवण कशाला? शंकेला थारा दिला नाही. इस्लामपूरपर्यंत डोळे पुसत होतो. खिडकीतून धूळ फार येत होती.

१३ एप्रिल, सोमवार

शमशाद बोलली. म्हणाली, “पंचवीस वर्सं झाली लग्नाला. जायाचं ते येकट्यानंच? मला इचारलं बी न्हाई.” विचारलं, कुठं? म्हणाली, “कुठं म्हंजी? हजला.”

सगळ्या विट्याला माहीत आहे. कुणा टूरवाल्याकडून आयत्या वेळी माझा नंबर लागला, असंही ठरलंय. शमशाद म्हणाली, “रोज बायका येऊन मुबारक म्हंत्यात आन मी व्हय व्हय करतीया. आपल्याच घरातलं आपल्याला ठावं न्हाई, हे कुणाला सांगू?”

मग टीव्हीचं सांगितलं. ती खाली बसली. विचारलं, त्यात मी हाय का? म्हणालो, चार विनोद. म्हणाली, “समद्या गावाची माफी मागिटली. माझी?” म्हणालो, घरच्यांची काय मागायची. ती उठून आत गेली. बोलत नव्हती तेच बरं होतं.

संकल्प: उद्या दुपारी जोहरच्या नमाजेनंतर सगळ्यांना खरं सांगायचं. भाईंना सगळ्यांत आधी. परत अबोला धरला तर धरला.

१४ एप्रिल, मंगळवार

सांगणं झालं नाही. एक, आज जयंतीची मिरवणूक. आवाजात खरं नीट ऐकू जात नाही. दोन, मौलाना कराडला गेलेत. तीन, भाईंना फोन लावला. ते लगेच “बोल दस्तगीर” म्हणाले. सहा वर्षांत माझं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पावसापाण्याचं विचारलं आणि ठेवून दिला.

तसं पाहिलं तर मी एकही वाक्य खोटं बोललेलो नाही. लोकांनी समजून घेतलं ते लोकांनी. हे वरचं वाक्य दोनदा वाचून पाहिलं. वाचायला बरं वाटत नाही.

८४.

१५ एप्रिल, बुधवार. बसमध्ये.

सकाळी सहाची पुणे गाडी. स्टँडवर पन्नासेक माणसं. बनुबाईंना रिक्षातून आणलं होतं. मी सांगणारच होतो, पण हार तोंडापर्यंत आले होते. कंडक्टरनं पाया पडून तिकीट फाडलं आणि त्याच्या आईसाठी दुआ मागायला सांगितलं. पुढची सीट मिळाली.

कार्यक्रम गाजला की लोक हे सगळं विसरतील. संकल्प: उद्या चौदाच्या चौदा.

१६ एप्रिल, गुरुवार. पुणे.

शूटिंग झालं.

विचारणाऱ्यानं विचारलं, चाचा, तुमच्या घरात सगळ्यांत मजेशीर माणूस कोण? कागद काढला. शमशादचे चार सांगता येईनात, तिची माफी झालेली नाही. बनुबाईंचे तीन म्हटलं तर त्या काल पहाटे उठून रिक्षात बसलेल्या. भाऊसोनं बोर्डाचं कबूल केलेलं. चपलावाल्यांनी मिठी मारलेली. राहिला शेवटचा. तोंड उघडलं आणि कानात “बोल दस्तगीर” आलं. कागद घडी करून खिशात ठेवला.

त्यानं चारदा विचारलं. मी चारदा म्हणालो, सगळी माणसं चांगली आहेत. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं.

माझ्या शेजारी मिरजेची एक सून होती. ती सासऱ्यावर वीस मिनिटं बोलली. लोक खुर्च्यांवरून घसरत होते. सासरा पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत मोठ्यानं हसत होता. विनोद त्याला आधी घरी सांगून आली होती म्हणे. असंही करता येतं हे मला सुचलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, तुमचे ऐकतानाचे शॉट छान आलेत. ऐकणं हीसुद्धा एक कला आहे. कमी लोकांना जमते.

१७ एप्रिल, शुक्रवार. विटा.

दुपारी उतरलो. भाऊसो स्टँडवर पार्सलची पोती उतरवून घेत होता. म्हणाला, “इतक्यात आलासा? गर्दी न्हवती व्हय?”

सगळं सांगितलं. तो पोत्यावर बसला. मग जे हसायला लागला, हमालानं त्याला पाणी आणून दिलं. चौदा विनोदांत मिळून मला एवढं मिळालं नसतं. पुढचं काम त्यानंच केलं. संध्याकाळी मगरिबच्या नमाजेपर्यंत सगळं गाव जाणतं झालं. मौलाना म्हणाले, आता खरंच हजची नियत कर, आणि दोघं जा. बनुबाईंनी बोलावून घेतलं. विचारलं, “टीव्हीवर तरी घेतलंस का माझं नाव?” नाही म्हणालो. “मग गेलास कशाला?”

शमशादची माफी मागितली. ती भाकरी थापत होती. म्हणाली, आदी चारी सांगा, मग ठरवते. सांगितले. तिसऱ्याला हसली. चौथा परत कुठं सांगू नका म्हणाली.

भाईंना फोन करायचं धाडस झालं नाही.

१९ एप्रिल, रविवार

भाई आले. न कळवता. बातमी शिराळ्यापर्यंत गेली होती. मी हात जोडून उभा. म्हणाले, “मला त्याच दिशी ठावं हुतं. तुझा पासपोर्ट तरी हाय का?” नाही. “मग? पर दारात आला हुतास. इचारून काय करू?”

मला भरून आलं. म्हटलं, आजच सगळं मोकळं करू. म्हणालो, भाई, त्या लग्नातला विनोद तुम्हांला फार लागला, मला कळतं, त्याची धारच तशी होती. भाई म्हणाले, कुठला विनोद? आठवण द्यावी म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला. तरन्नुम मोबाइल बघायला लागली. भाई म्हणाले, “हे तू माइकवर बोलत हुतास?” म्हणालो, पंधरा मिनिटं.

“लाइट गेली हुती रं. माइक बंद हुता.”

विचारलं, मग सहा वर्षं राग कसला?

म्हणाले, “वऱ्हाड जेवायला बसवलं आन पाण्याचं तुझ्याकडं दिलं. शंभर माणसं घास धरून बसल्यात, मी तुला हुडकतुया, आन तू बंद माइकम्होरं हात हालवतुयास.”

आतून शमशादनं विचारलं, “आवं, भाई कवाचं आल्यात, पाणी दिलं का?”

उठलो.