दांड्यासाठी मनगटाचं माप

सोलापूर,
१४ सप्टेंबर २०२५

चि. शहाजी,

तुला आणि प्रियदर्शनीला माझे आशीर्वाद. मी बरी आहे, घसा तेवढा बसलाय. परवा सात रस्त्याजवळ विडी कामगार बायकांची सभा होती. माईक बंद पडला आणि मी तशीच बोलत राहिले. डॉक्टरांनी आठवडाभर गप्प बसायला सांगितलंय. नाहीतर हे सगळं फोनवर बोलून तुझं डोकं खाल्लं असतं.

कडबाकुट्टी विकून टाकलीस असं कळलं. बरं केलंस.

आता माळावर पळवायच्या आपल्या दोन सीटच्या गाडीविषयी. तू म्हणालास, "अक्का, भंगारात घाल ती." मी "बघते" म्हणाले. बघितलं, घातली नाही. गाडी माझ्याच शेडमध्ये आहे. फक्त गिअरचा दांडा बदलून घेतला. जुना फार खडखडत होता.

तुला तो आखूड हवा होता, शर्यतीच्या गाडीसारखा खटकन पडणारा. मी लांब केलाय. वेल्डिंग करता करता कल्लप्पा मिस्त्री थांबला.

"बाई, खेळाची गाडी हाय का टेम्पो? लई लांब झालं की हे."

"असू दे. लांब दांड्याला जोर कमी लागतो."

"शहाजी शिव्या घालतील की मला."

"घालू दे. त्याच्या शिव्या ऐकून मलाही लई दिवस झाले."

तो चष्मा पुसून पुन्हा कामाला लागला.

शहाजी, दांडा खडखडत होता हे खोटं आहे. तुझ्या हाताविषयी लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, पण मग या पत्राला अर्थच उरत नाही. तुझ्या डाव्या हाताची बोटं कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली, तळवा आणि अंगठा राहिला. पहिला आणि तिसरा गिअर पुढे ढकलायचा, ते तळव्याने होतं. दुसरा आणि चौथा मागे ओढायचा, तिथे मूठ लागते. म्हणून दांड्याच्या टोकाला अर्धं कडं बसवलंय, वरून उघडं. मनगट आत ठेवायचं आणि ओढायचं. हात उचलला की लगेच सुटतो. आतून घोंगडीचा तुकडा शिवलाय, लोखंड टोचू नये म्हणून. माझी चारही बोटं टॉवेलने बांधून मी शेडसमोर गाडी पुढेमागे केली. शेजारणींनी गच्चीवरून बघितलं. बघू दे.

आयुष्यभर कारखान्यांच्या दारात उभी राहून मी ओरडले, की यंत्र माणसाच्या मापाने बनवा, यंत्रापायी माणूस कापू नका. माझ्याच घरात मी हे न बोलता सोडून दिलं, तर त्या बायकांसमोर उद्या कोणत्या तोंडाने उभी राहू?

पण एक घोटाळा झालाय. कडं मी माझ्या मनगटावर वाकवून घेतलं. तुझं मनगट त्यात जाणार नाही. दोऱ्याने तुझं माप घेऊन पाठव, असं प्रियदर्शनीला गुपचूप सांगितलं, तर ती म्हणाली, "वन्सं, ते झोपल्यावर चोरून माप घ्यायला मी शिंपी न्हाय. तुमच्या भावाला तुमीच सांगा."

तिचं बरोबर आहे. म्हणून सांगते आहे.

पुढच्या रविवारी ये. खिशातला हात बाहेर काढ आणि कल्लप्पासमोर ठेव. त्याला लाज वाटणार नाही, मलाही नाही. तुला वाटली तर वाटू दे, तेवढ्यात कडं वाकवून होईल. तुझ्या हाताच्या डॉक्टरांचा होकार मिळाला की गाडी टेम्पोत घालून सांगोल्याला नेऊ आणि आपल्या माळावर चालवू. रस्त्यावर नाही.

दांडा आवडला नाही तर तू स्वतःच्या हाताने काढ. मी अडवणार नाही. पण तो काढायला तरी ये.

जेवायला थांबशील असं धरून चालते.

डाव्या सीटवर बसणारी,
तुझी अक्का
विजयमाला