वर राहिलेला हात

रविवार, संध्याकाळ. लातूर.

आज आमच्या मोटारसायकल क्लबची सभा झाली. यंदापासून शर्यतीचा परवाना, विमा आणि मान्यताप्राप्त महागडं हेल्मेट असेल तरच शर्यतीत उतरता येईल. ठराव चुकीचा नव्हता, म्हणून मीही हात वर केला. पण गफूर? पासष्टीतही दरसाल शर्यतीत गाडी पळवणारा, रेणापूर नाक्यावर पंक्चर काढणारा माझा गफूर हा खर्च कुठून करणार?

शाळेत एकाच बाकावर बसायचो आम्ही. कविता म्हणायला वर्गात दोनच हात वर व्हायचे, त्याचा आणि माझा. आज त्याचा हात मांडीवरच्या जुन्या हेल्मेटवर होता. माझा मात्र... खाली घ्यायचं सुचेचना.

"अध्यक्षसाहेब, घ्या की हात खाली," तो हसत म्हणाला. "लई वेळ झाला मोजून."

आजवर मी त्याचा बाळ्या होतो.