बोडीत येणारं पाणी

फुलचूर, ४ ऑगस्ट २०२५

ती. बाबांना नीतूचा शि. सा. नमस्कार,

फोनवर तुम्ही हसून विषय बदलता, म्हणून लिहिते. कैलाशच्या जीपने पाठवलेली आपल्या विहिरीच्या पाण्याची बाटली आमच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या दिवशी काळी पडली. म्हणजे पाण्यात शेणाचे नाहीतर माणसाच्या मैल्याचे जंतू आहेत. नाव मी तीनदा ताडून पाहिले, बाटली आपलीच. विहिरीला झिरपा आपल्या बोडीचा, आणि त्या तळ्यात सेवकरामकाकांच्या म्हशी दिवसभर बसतात. त्या बंद करा. टीनावहिनीला सांगा, सोनू अजून वर्षाची नाही, तिला पाणी उकळूनच द्या.

मला वेडी म्हणा, पण एवढे ऐका.

तुमची,
नीतू

१० ऑगस्ट

चि. नीतूला अनेक आशीर्वाद,

म्हशी बंद केल्या. सेवकराम बोडीच्या पाळीवर उभा राहून म्हणाला, आजाच्या वेळेपासून म्हशी बसून राहिल्या, तेव्हा काऊन कोणी मेलं नाही? आता तो बोलत नाही. म्हशी गेल्या, म्हणून टीनाला म्हटलं, आता गॅस कायले जाळतेस? सोनूचं पोट जरा बिघडलं आहे; दात येऊन राहिले असतील. आई म्हणते, तुला पाहायला पाहुणे आले की त्यांच्याही गावच्या पाण्याची बाटली मागशील. नवी बाटली पाठवतो.

देवचंद

१४ ऑगस्ट

ती. बाबांना शि. सा. नमस्कार,

ही बाटली आधीपेक्षा लवकर काळी झाली. म्हशी नाहीत, तरी. आणि पाणी उकळणे आजपासून पुन्हा सुरू करा. लहानपणी पाळीवर तुम्हीच शिकवले, पाणी कुठे जाते ते नंतर, कुठून येते ते आधी पाहायचे. तसे वरच्या अंगाला चालत जा ना. सोनूचे दात म्हणू नका. डोळे खोल गेलेत का? लघवी होते का? मीठ-साखरेचे पाणी द्या, आजच सडक अर्जुनीच्या दवाखान्यात न्या. वहिनी फोन उचलत नाही. मला फार भीती वाटते.

नीतू

सडक अर्जुनी, १६ ऑगस्ट

चि. नीतू,

चालत गेलो. बेशरमाच्या झुडपात पाइप सापडला. आपलाच. तुझ्या हट्टानं संडास बांधला, त्याचा खड्डा पावसात भरला. पाहुणे यायचे, वास नको, म्हणून मीच पाइप नाल्यात सोडला होता. नाला बोडीत येतो, हे माझ्याहून जास्त कोणाला माहीत? पाइप बुजवला. सेवकरामच्या दारात जाऊन सगळं सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, पोरगी कशी आहे.

सोनूला सलाईन लागली आहे. डॉक्टर तोंडानंही पाणी पाजा म्हणतात, पण टीना कोणाच्या हातचं घेत नाही. नीतूनं पाहिल्याशिवाय घोटही देणार नाही म्हणते. फोनवर हे सांगायला माझी जीभ उचलली नाही. कैलाश पत्र देऊन दारात थांबेल. त्याच जीपनं ये.

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही. तूच लोभ ठेव.

बाबा