गुळाचं पारडं

बाबा, आज सकाळी डॉक्टरांकडे गेलो होतो. घाबरू नका, विशेष काही नाही. म्हणजे तुम्ही आता घाबरण्याच्या पलीकडे आहात, पण तुमची सवय इतक्या वर्षांत गेली असेल असं वाटत नाही. तिथल्या मुलीने मला काट्यावर उभं केलं. हल्लीच्या काट्याला पारडी नसतात. पायाखाली काचेची फरशी असते, तिच्यात लाल आकडे उमटतात, आणि ते आकडे ती मुलगी बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जातील अशा आवाजात वाचते. बाकावर माझा एक जुना विद्यार्थी बसला होता, आता स्वतःच टक्कल पडलेला. आकडा ऐकून त्याने आदराने मान खाली घातली. त्या काट्यावर मी जे केलं ते शेवटी सांगेन, धीर झाला तर. आधी तुमच्या काट्याबद्दल लिहितो, कारण घरी येईपर्यंत डोळ्यांपुढे तोच होता.

तुमचा नवस मला आईच्या तोंडून पाठ झाला होता. मी काही महिन्यांचा असताना गावी तापाने इतका वाळलो की शेजारच्या बायका बघायला येत आणि काही न बोलता उठून जात. "सुकलेलो बांगडो," असं एका म्हातारीने म्हटलं होतं. मला मिळालेल्या सगळ्या उपमांमध्ये मी बारीक असलेली ही एकटीच. तुम्ही देवळात जाऊन नारळ ठेवलात आणि म्हणालात, पोर जगला तर गुळान तोलीन. पोर जगला. तुम्ही गिरणीत परत आलात. मग रजा मिळेना, मिळाली तर गावी कुणाचं लग्न असे नाहीतर कुणाचं बारावं, आणि तोलायचं राहून गेलं. देव वाट बघत राहिला, मी वाढत राहिलो. दोघांनीही आपापलं काम मन लावून केलं.

तुमची गिरणी बंद पडली त्यानंतरची दिवाळी. तोवर गाववाल्यांनी मालाडला, आपल्या चाळीमागच्या टेकडीवर, गावच्या देवाचं देऊळ बांधलं होतं. मी तिशीला टेकलेला, शाळेत संस्कृतचा मास्तर. सकाळच्या प्रार्थनेत गणपतीच्या अवाढव्य देहाचं वर्णन आलं की मागच्या रांगांचा आवाज एकदम चढायचा आणि सगळे डोळे माझ्याकडे वळायचे. मी हात जोडून, डोळे मिटून उभा राहायचो. भक्ती नव्हती ती, बाबा. आणि त्या रात्री जेवताना तुम्ही सहज, आमटी मागावी तसं म्हणालात, "चैत्रात देवळाचो वाढदिस. औंदा पोराक तोलूचा."

"बाबा, तो नवस तान्ह्या मुलाचा होता."

"मी देवाक वय सांगूक नाय."

"नारळ देऊ ना. हवे तेवढे देऊ."

"गूळ म्हटलंय. आता देवाक फसवतलंस?"

आईने भाताचा डाव माझ्या ताटावर आणला आणि मी ताटावर हात आडवा धरला. हे आपल्या घरात पूर्वी कधी घडलं नव्हतं. आई डाव तसाच धरून उभी. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "शरम वाटता?" मी मीठ सारखं करत बसलो. तेव्हा तुम्ही तुमच्याही ताटावर हात धरलात. "मगे वजन उतरव. चैत्राक अजून वेळ आसा. मी येतंय सोबत." भाताशिवाय दुसऱ्या कशाला जेवण म्हणायचं नाही अशा माणसाने तसं म्हटलं. आई म्हणाली, "दोघांकय याड लागला," आणि तो भात परत टोपात टाकला.

आता आपण आरेच्या दूध वसाहतीत आहोत. सकाळची बस आपल्याला झाडीतल्या थांब्यावर सोडून गेली आहे, तबेल्यांतून शेणाचा आणि दुधाचा एकत्र वास येतो आहे. तुम्ही गिरणीतली खाकी चड्डी आणि कॅनव्हासचे बूट घालून पुढे, मी धोतर सावरत मागे. "आम्ही साच्यांमधून चालान चालान रोज रत्नागिरी गाठायचो," तुम्ही सांगता. तुमच्या गिरणीतले ते साचे, म्हणजे कापडाचे माग, आता गप्प होते, पण तुमचे पाय अजून पाळीवर होते. तुम्ही मागे वळून कधी बघत नव्हता. मला धाप लागली की चालताचालता तुमच्या बुटाची नाडी सुटायची. रोज, बरोब्बर त्याच वेळी. तुम्ही खाली बसून ती बांधत राहायचा आणि मी पोचलो की उठायचा. मी इतका पढीक, की ती नाडी आपोआप सुटत नाही हे कळायला मला पौष उजाडला.

"चल रे! म्हशी कशे बघतत बघ तुझ्याकडे. सोयरो इलो म्हणतत."

मला हसू यायचं. पण एका सकाळी शाळेतल्या दोन बाई समोरून आल्या, त्याही फिरायला, आणि तुम्ही नेमकं तेच ओरडलात, अख्खी आरे ऐकेल असं. बाईंनी पदर तोंडाला लावला. त्या पुढे गेल्यावर मी दात आवळून म्हणालो, "बाबा, चारचौघांत जरा हळू बोला. आणि नीट मराठी बोला." परतीच्या बसमध्ये तुम्ही कंडक्टरला "दोन मालाड द्या" असं अगदी नीट मराठीत म्हणालात. बाबा, ते वाक्य माझ्या कानातून अजून जात नाही.

रविवारी तुम्ही मला कोळशाच्या वखारीत न्यायचा. मोठ्या लोकांना तोलेल असा काटा आपल्या वस्तीत तोच होता, साखळ्यांवर टांगलेला, लाकडी पारड्यांचा. वखारवाला पहिल्यांदा हसून हसून दमला. "मास्तर, दीड गोनी और उपर एक टोपली!" किलोबिलो तो बोलायचा नाही, त्याच्या जगात सगळं गोणीत मोजलं जायचं. मी काळा होऊन उतरायचो. तुम्ही रुमाल काढून माझं धोतर झटकायचा, पाठीमागून, लहान मुलाचं झटकतात तसं. महिन्याभराने टोपली अर्धी झाली. तुम्ही वखारवाल्याला चहा पाजलात.

मग संक्रांत आली. तिळगूळ आला, शाळेतला हळदीकुंकवाचा फराळ आला, कुणाकुणाच्या लग्नाच्या पंगती आल्या, आणि माझा निग्रह गेला. शास्त्रात निग्रहावर भरपूर लिहिलेलं आहे. लिहिणाऱ्यांपैकी कुणी मालाडच्या पंगतीला बसलेला नसावा. एका सकाळी तुम्ही बूट घालून उंबऱ्यात उभे राहिलात आणि मी भिंतीकडे तोंड करून म्हणालो, "आज नको." वाटलं, बोलाल. तुम्ही "बरा" म्हणालात आणि एकटे गेलात. उन्हं चढल्यावर परत आलात, घामाने भिजलेले, आणि आईला हाक मारून सांगितलंत, मला नव्हे, "आज लांबचो फेरो मारलंय. तेच्या वाटणीचा पण चालान इलंय." दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. तुमच्या टाचेला फोड आला होता. आई त्यावर खोबरेल लावत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. चौथ्या दिवशी मी तुमच्या आधी दारात उभा होतो. निश्चयाने नव्हे, लाजेने. पण पायांना ते कुठे कळतं?

वखारीत मात्र मी पुन्हा गेलो नाही. "आता चैत्रातच बघू," म्हणालो. तुम्ही ते मान्य केलंत, आणि गूळ आणलात तो मी उतरलोच असेन या तुमच्या विश्वासाच्या मापाने.

देवळाच्या मंडपात वखारीतलाच काटा टांगला होता. धुतला होता, तरी साखळ्यांच्या कड्यांत काळं राहिलंच होतं. मी नवं धोतर नेसून पारड्यात मांडी घालून बसलो. समोरच्या पारड्यात गुळाच्या ढेपा पडू लागल्या. गावकर, देवळाचा सगळा मान ज्यांच्याकडे, ते मोठ्या आवाजात गाऱ्हाणं घालत होते आणि लोक "होय महाराजा" म्हणत होते. ढेप पडायची, पारडं हलायचं आणि पुन्हा तसंच. माझ्या बुडाखालचं पारडं जमिनीला चिकटलेलं. सगळ्या ढेपा संपल्या. "होय महाराजा" म्हणणाऱ्या आवाजांत हसू मिसळलं. मागून कुणी बाई म्हणाली, "अगो, देवाक वरसभर चाय करूक झालो." कुणी ओरडलं, "वाण्याकडे जावा रे कोणतरी, दुकानच उचलून हाडा!" पोरं उड्या मारायला लागली. त्यांत दोघं माझ्या वर्गातली होती. मी माझ्या गुडघ्यांकडे बघत होतो. मग एकदाच वर बघितलं, तुमच्याकडे.

त्या बघण्यात काय होतं ते मला माहीत आहे, बाबा. मी तिशीचा होतो, पण ते बघणं त्या तापातल्या पोराचं होतं.

तुम्ही गुळाच्या पारड्याजवळ उभे होतात, पारडं हेलकावू नये म्हणून साखळी धरून. तुम्ही देवाकडे बघितलंत. नंतर तुमच्या मनगटावरची शीर फुगलेली मला दिसली, साच्यावर काम केलेल्या माणसाचं ते मनगट, आणि मी उचलला गेलो. जमिनीपासून वीतभर. दोन्ही पारडी समोरासमोर आली, लोकांनी "होय महाराजा!" अशी आरोळी ठोकली, ढोल वाजला. एकादशीला चुकून भाताचं शीत जरी खाल्लं तरी देवाला नाक घासून सांगणारा माणूस देवाच्या समोर उभा राहून त्याचं पारडं दाबत होता. गावकरांनी "पुरो!" म्हटलं तसं तुम्ही साखळी सोडलीत आणि मी त्याच क्षणी खाली उडी मारली, पारडं आपटायच्या आत. इतक्या चपळाईने मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आईला म्हणालात, "माझ्या चायत गूळ नको." तिने विचारलं, का? तुम्ही माझ्याकडे मान वळवलीत. "पोराक सोबत." मला भरून आलं. शिक्षकांच्या खोलीत मी ते दहा वेळा सांगितलं, की माझे वडील या वयात माझ्यासाठी अगोड चहा पितात. आणि खरं सांगतो, त्या चहाने मला बारीक केलं. पुढचं वर्षभर बुंदीचा लाडू समोर आला की मला तुमचा कप दिसायचा आणि हात मागे यायचा. माझ्या लग्नाच्या फोटोत जो सडसडीत गृहस्थ उभा आहे, तो तुमच्या त्या चहावर उभा आहे. गणपतीत तुम्ही मोदकाची पारी खायचा आणि आतलं सारण पानाच्या कडेला काढून ठेवायचा. आई चिडायची, "नैवेद्याचो तरी खावा!" तुम्ही खाल्लं नाहीत. गेलात तोवर नाही.

तुम्ही गेल्यावर वर्ष सरलं आणि आपल्या घरी पुन्हा गणपती आले. आई चुलीपाशी बसून मोदकात सारण भरत होती. मी म्हणालो, "बाबांनी माझ्या सोबतीसाठी किती वर्षं गूळ सोडला." तिचा हात थांबला.

"तुझ्यासाठी?" ती म्हणाली. "अरे, तां तुका माहीत नाय? देवाक गूळ कमी घातलो ना त्या दिवशी. घराक इल्या इल्या माका सांगल्यानी. म्हणाले, देवाच्या वाटचो गूळ माझ्या हातान कमी झालो, तो माझ्या तोंडातसून फेडतलंय."

"मला का नाही सांगितलं?"

"पोराक सांगू नको म्हणाले. चालूचा सोडतलो." आणि तिने पुढचा मोदक वळायला घेतला.

त्यानंतर मी चालायचं सोडलं. लगेच नाही; इतका सरळ हिशेब माणसाचा नसतो. पण हळूहळू सोडलं, आणि गेलेलं सगळं परत आलं, नातेवाईकांना घेऊन. कारणं मी फार चांगली देतो, तो माझा व्यवसाय होता. तुमच्याशिवाय आरेत जाववत नाही, असं मी बरीच वर्षं सांगत होतो. ऐकायला शोभतं ते. खरं म्हणजे माझ्या वाटणीचं चालून येणारं कुणी उरलं नव्हतं, आणि आपल्या वाटणीचं आपण चालायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं असंही नाही.

आता सकाळचं सांगतो. त्या काचेच्या काट्याशेजारी टेबल आहे. मुलगी कागद घ्यायला वळली आणि मी टेबलाच्या कडेवर हात टेकवला. नुसता टेकवला नाही, दाबला. आकडे खाली आले. तिने वाचला तो आकडा, आणि माझ्या विद्यार्थ्याने मान खाली घातली तो आकडा, तो कमी केलेला आहे, बाबा. मी हाताकडे बघितलं तर मनगटावर तुमची शीर होती, जशीच्या तशी. पण तुम्ही दाबलंत ते माझ्यासाठी, आणि त्याची भरपाई मरेपर्यंत केलीत. मी मुकाट्याने चपला घातल्या आणि घरी येऊन दोन चमचे साखर घातलेला चहा प्यायलो.

हे पत्र घरात ठेवलं तर बायको वाचेल आणि पहिल्यांदा साखरेचा डबा वरच्या फळीवर जाईल, म्हणून कुठेतरी जुन्या पोथीत सारून ठेवीन. उद्या पुन्हा जाऊन त्या मुलीला म्हणावं, बाई, परत एकदा घे, आणि उभं राहावं दोन्ही हात मागे बांधून, असं आत्ता तरी वाटतंय. तुमचे कॅनव्हासचे बूट कपाटातून काढून दाराशी ठेवलेत. नाडी बांधलेली आहे. सकाळी काय करीन ते मात्र, तुमची शपथ घेऊन सांगावं, इतका भरवसा मला अजून माझा नाही.