सत्तावीस इंची

३ एप्रिल, गुरुवार

मोठा आणला हेच माझं चुकलं म्हणे! कोणती सासू सुनेले कम्प्युटरचा मॉनिटर घेऊन देते? भिसी उचलली अन् त्याच दिवशी सोनालीले घेऊन पांढुर्ण्याले गेली. स्वतःले एक साडी घेतली नाही. तिचा जुना डब्बा मॉनिटर चौकोनी, त्याच्या मधातून काळी रेघ जाते, त्याच्यावर पोरगी लग्नाच्या पत्रिका करून राहिली होती. म्हटलं सुनेचं काम वाढू द्या. अन् हिचं तोंड दुकानातच उतरलं.

श्रीधर दुकानवाला तिच्याच बाजूनं. म्हणते, बाई, टेबलावर जवळून काम आहे तर चोवीस इंची घ्या. ठिपके दोन्हीत सारखेच, एकोणीसशे वीस आडवे अन् एक हजार ऐंशी उभे. सत्तावीसमध्ये तेच ठिपके पसरतात, मग जवळून अक्षरं तंतू सुटल्यासारखे दिसते. सत्तावीसच पाहिजे तर जास्त ठिपक्याचा घ्या, पंचवीसशे साठवाला, पण तुमचा कम्प्युटर जुना, तो त्याले ओढणार नाही.

मी म्हटलं, लहान खपवाले एवढा कायले बोलून राहिला? पडून आहे का तुह्या दुकानात? मोठा दे.

सोनाली हळूच म्हणे, आई, चोवीसच बरा होता. भर दुकानात! मी तिथीच सांगून टाकलं — मॉनिटर घेतला, आता त्याच्यावर एक शब्द नाही पाहिजे. येतानी बसमध्ये खोकं मीच मांडीवर घेतलं. आमचं सौंसर येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती.

६ एप्रिल, रविवार

माझा पोरगा सागर नागपूरवरून आला. सकाळी त्यानं वायरी जोडल्या, पडद्यावर उजेड आला एवढंच पाहिलं अन् नवराबायको विहारात गेले. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचं मोठं फ्लेक्स यंदा सोनालीनं करायचं आहे. दरवर्षी नागपूरवरून येत होतं. मंडळाचे अध्यक्ष रघुनाथराव स्वतः म्हणाले, आपल्या घरची पोरगी असतानी बाहेर कायले जायचं. चित्र ती करीन, छापून पांढुर्ण्याच्या प्रफुल्लच्या प्रेसमधून येईन.

मी घरी एकटी. म्हटलं नव्या पडद्यावर वंदना ऐकू. अक्षरं पाहते तर मुंग्या! चष्मा मी लावत नाही, नाकाले काचते. मग मोबाईलवर पाहिलं, एक पोरगी हिंदीत सांगत होती, मोकळ्या जागी उजवं बटण दाबा, मग डिस्प्ले. तिनं जिथी दाबलं तिथीच मी दाबलं. आकड्यांची रांग निघाली. खालच्या खालच्या आकड्यावर गेली तशे अक्षरं मोठे झाले. एक हजार चोवीसवर थांबली. असंच ठेवू का म्हणून कम्प्युटरनं विचारलं, मी हो म्हटलं.

मस्त झालं. एकेक अक्षर पोफळाएवढं. चौथी शिकलेल्या बाईनं केलं! कोणाले सांगितलं नाही, उगाच हसतील.

८ एप्रिल, मंगळवार

सोनाली डोळे चोळून राहिली. म्हणे सगळं फुगल्यासारखं दिसते आई, कडाही फाटलेल्या. मी म्हटलं, श्रीधरनं डोक्यात भरवलं ते दिसून राहिलं तुले. एवढा मोठा पडदा आहे तर वस्तू मोठीच दिसणार. काय ठरलं होतं आपलं, एक शब्द नाही पाहिजे.

"हो आई," म्हणे.

९ एप्रिल

पोळ्या आज मीच केल्या. तिचं डोकं दुखते.

११ एप्रिल, शुक्रवार

मी अंगणात चिंच फोडत बसली होती, तिनं आत बोलावलं. चित्र झालं होतं. मधात बुद्धाचा चेहरा, मागं धम्मचक्र, खाली पंचशीलाचे रंग. डोळे मिटलेले, ओठावर थोडंसं हसू. मी चटचट बोलणारी बाई, पण दोन मिनिट बोलली नाही.

ती म्हणे, फोटो पहिले गालातून रुंद दिसत होता, चक्रही चपटं. दोन्ही बाजूनं दाबत दाबत आणलं तवा कुठी जमलं. मग विचारलं, "आई, चक्र गोल दिसते ना?"

एकदम गोल, म्हटलं मी. ताटासारखं.

तिनं तशीच फाईल प्रफुल्लले पाठवली. मी परत चिंचेवर जाऊन बसली.

१४ एप्रिल

जयंती. लिहायचं नाही आज.

१५ एप्रिल, मंगळवार

लिहून टाकते. नाही लिहिलं तर डोक्यात फिरत राहीन.

प्रफुल्लच्या प्रेसमध्ये जयंतीच्या कामाचा ढीग होता. मशीन चालली, गुंडाळी झाली, गाडीत पडली. तिथी कोणं उघडून पाहिलं नाही. मंडळाच्या पोरायनं पहाटे अंधारातच चौकात बांधलं. उजाडलं, तवा आम्ही पांढऱ्या साड्या घालून पोचलो.

चेहरा लांबच लांब. गाल आत गेलेले, महिनाभर ताप आलेल्या माणसासारखा. चक्र अंड्यासारखं उभं. कोणी हसलं असतं तर मी त्याच्या अंगावर गेली असती. कोणी हसलं नाही. लोक वर पाहत, मग खाली पाहत. बायायनं पदर तोंडाले लावले.

रघुनाथरावांनी फ्लेक्स उतरवलं. ओरडले नाही. सोनालीजवळ आले अन् सगळ्यांसमोर म्हणाले, "बेटा, भगवंताचा चेहरा तरी डोळे उघडून पाहायचा होता."

ती हात जोडून म्हणे, माझी चूक आहे.

अन् मी बाजूलेच उभी. चक्र तर मी स्वतः पाहिलं होतं, गोल होतं. मनात आलं, श्रीधरनं खराब मॉनिटर देला. पाहतेच त्याले.

१६ एप्रिल

प्रफुल्लचा फोन. बुद्धपौर्णिमेचं काम दुसऱ्याले देतो म्हणे, ताई वाईट मानू नका. सोनाली म्हणते, सागर, माझ्या डोळ्यातच खोट आहे, मले सरळ दिसत नाही. ज्याच्या डोळ्यात खोट त्यानं चित्राचं काम करू नये. सागर उद्या तिले नागपूरले डोळ्याच्या डॉक्टरकडे नेते.

मी उद्या पांढुर्ण्याले जाते. त्या श्रीधरले सोडत नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

गेली. दोन गिऱ्हाईक बसले होते, त्यांच्यासमोरच सुरू झाली. तुह्या मॉनिटरनं माझ्या सुनेची इज्जत घेतली, गोल वस्तू लांब छापली गेली, पैसे परत कर. त्यानं खुर्ची देली, पाणी देलं. मग विचारलं, रिझोल्यूशन किती ठेवलं आहे?

मी म्हटलं मले काय मालूम. एक हजार चोवीस का काय ते.

त्यानं हातातलं काम बाजूले ठेवलं. मग म्हणते, बाई, एक हजार चोवीस हे जुन्या चौकोनी डब्ब्याचं माप. तुमचा पडदा रुंद. चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणलं की सगळं आडवं फुगते. माणूस जाडा दिसते, गोल चपटं दिसते. पोरीनं ते चपटं पाहून बाजूनं दाबलं असन. तिच्या पडद्यावर गोल झालं, कागदावर अंडं झालं. डोळ्याचा दोष नाही, आकड्याचा आहे. एकोणीसशे वीस ठेवा, सरळ होईन. अक्षरं थोडे तंतू सोडतील, ते मी पहिलेच सांगितलं होतं. एवढं फुगणं मी नव्हतं सांगितलं. तिनं काऊन फोन नाही केला मले?

काऊन नाही केला ते मले माहीत आहे. एक शब्द नाही पाहिजे — कोणं म्हटलं होतं?

तिले वाटलं असन, श्रीधर सांगून राहिला होता ते हेच. विचारलं तर सासू अंगावर येईन. म्हणून पोरीनं गुपचूप मॉनिटरचा दोष आपल्या हातानं झाकला. दाबत दाबत.

दुकानातला एक गिऱ्हाईक म्हणे, मावशी, घरात लहान पोरं आहे का, तेच असे बटणं दाबते. मी म्हटलं, हो, असनच.

असन म्हटलं मी! आमच्या घरात एकही लहान पोर नाही.

घरी आली तवा ते दोघं नागपूरवरून यायचे होते. बसली, उजवं बटण दाबलं, सगळ्यात वरचा आकडा धरला. अक्षरं परत मुंग्या. ते चित्र उघडलं. चेहरा लांब. चौकात होता तसाच.

बंद करून टाकलं. मग स्वयंपाकाले लागली.

१८ एप्रिल, शुक्रवार

काल डॉक्टर म्हणे डोळे एकदम चांगले आहे. हे ऐकून ती जास्तच रडली, सागर सांगत होता. डोळे चांगले तर मग आपल्यालेच येत नाही, असंच तिच्या मनानं घेतलं.

आज सकाळी सोनाली कम्प्युटर लावून बसली. पुष्कळ वेळ बसली. मी दारातून पाहिलं, तेच चित्र समोर होतं. मी म्हटलं चहा आणू का. नको म्हणे. मग बंद केला, वरून कपडा टाकला अन् पिशवी भरली. लोधीखेड्याले चालली, आईकडे. जातानी पाया पडली.

तवा सांगाले पाहिजे होतं. बस यायची होती, आम्ही दोघीच फाट्यावर उभ्या होतो. मी सांगितलं काय? तर उन्हात डोक्यावरून पदर घे.

२० एप्रिल, रविवार

रघुनाथराव घरी आले. म्हणाले, इंदूबाई, मी त्या दिवशी जास्त बोललो. पोरगी आहे, शिकून राहिली आहे, चूक होते. तिले सांगा, मनात ठेवू नको.

माणूस स्वतः माफी मागाले आला. समोर बसून चहा पिऊन राहिला. याच्यापेक्षा चांगली वेळ कोणती? तोंड उघडलं मी, अन् काय निघालं तोंडातून?

हो ना भाऊ, आजकालच्या पोरी लक्षच देत नाही.

हे मी म्हटलं. मीच! सागरचा बाप गेला तवापासून कोणाले भ्यायली नाही, नगरपालिकेत जाऊन साहेबाले दोन गोष्टी ऐकवल्या. अन् एका आकड्यासाठी सुनेच्या नावावर पाप टाकलं. सेटिंग बिघडली ते अडाणीपणानं. हे अडाणीपणानं नाही झालं.

२१ एप्रिल

भाकरी थापतानी श्रीधरचं बोलणं समजलं. पीठ तेवढंच अन् भाकर मोठी थापाले गेली, पातळ झाली, तव्यावर फाटली. लहान थापली असती तर चांगली निघाली असती. चोवीस म्हणून राहिली होती ती, चोवीस!

मोठा मले कोणाले दाखवाले पाहिजे होता? शेजारणीले.

२२ एप्रिल, मंगळवार

फोन लावला लोधीखेड्याले. ठरवूनच लावला होता. तिनं उचलला, "बोला आई" म्हणे. मी विचारलं भाजी कायची केली. वांग्याची म्हणे. मग भरीत का रस्सा, ते विचारलं. रस्सा म्हणे. तिनं फोन ठेवला नाही. वाट पाहत होती का माझी?

मीच ठेवला.

सागरले सांगू का पहिले? नाही. तो तिले सांगीन, अन् मग मी सांगितलं असं होणार नाही.

एक मन म्हणते, गेलं ते गेलं. रघुनाथराव शांत झाले, आकडा सरळ झाला, आता परत चूक होणार नाही. कोणाले काही मालूम नाही. पण ती तिकडं बसून म्हणत असन मले येत नाही, मले येत नाही. अन् तिले येते! तो चेहरा मी पाहिला आहे. त्या दिवशी त्या पडद्यासमोर माझं तोंड बंद झालं होतं.

२४ एप्रिल, गुरुवार

सोनालीचा मेसेज. जसा आहे तसाच उतरवून ठेवते.

"आई, शुक्रवारी मी ते चित्र उघडलं तर ते माझ्या पडद्यावरही लांबट होतं. आठवडाभर गोल होतं, एका दिवसात लांबट कसं झालं? सेटिंग पाहिली. कोणी तरी ती सरळ करून ठेवली होती. सागरले विचारलं, त्यानं हात लावला नाही. मी कोणाले सांगितलं नाही अन् सांगणारही नाही. मंगळवारी तुमचा फोन आला तवा वाटलं, आता सांगाल. मी प्रफुल्लभाऊले फोन केला, बुद्धपौर्णिमेचं काम दुसऱ्याले द्यायचं सोमवारपर्यंत थांबतो म्हणाले. मी त्या टेबलावर परत बसायचं का नाही, हे खरं काय ते तुमच्या तोंडून ऐकल्यावरच ठरवीन. रविवारपर्यंत सांगा."